टोलमाफी महामार्गाला, वाढीव बिल दुधनीला

विजेवर चालणारी छोटी मोटार म्हटली की मुंबई-पुण्याची रहदारी डोळ्यांसमोर येते. वस्तुतः तिची खरी जागा दुधनीसारख्या गावात आहे. अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकच्या वेशीवरच्या या बाजारगावात कुटुंबाची रोजची धाव घर, शेत, अडत, शाळा आणि फार तर तालुक्याच्या कचेऱ्या-दवाखाने एवढीच. शिवाय गाडी स्वतःच्या दारात उभी करून घरच्या मीटरवर चार्ज करण्याची सोय येथे पुष्कळांना आहे. महानगरातील सदनिकाधारकाला ती बहुधा नसते.

अशी गाडी नवलाईची राहिलेली नाही. बंगळूरची दोन दारांची ‘रेवा’ २००१ सालीच रस्त्यावर आली होती. २०२३ मध्ये आलेल्या ‘कॉमेट’ची बॅटरी सुमारे १७ युनिटांची असून एकदा चार्ज केल्यावर २३० किलोमीटर जाईल असा कंपनीचा दावा आहे. दीडशेच धरावेत (कंपन्यांचे दावे आणि मंत्र्यांची आश्वासने यांत कपात करूनच हिशेब मांडलेला बरा), तरी अक्कलकोटला जाऊन परत येण्यास ते पुरून उरतात. आठ लाखांच्या आसपासची ही चीज शेतमजुराच्या आवाक्यातील नव्हे, हे आम्ही लपवीत नाही. पण वैशाखाच्या उन्हात म्हाताऱ्या आईला मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेणाऱ्या शिक्षकाने वा छोट्या दुकानदाराने तिचा विचार केला, तर त्याला चैन म्हणता येणार नाही.

त्याच्या वाट्याला मात्र काय येते? आठवड्यातून दोनदा बॅटरी भरली की महिन्याकाठी दीडशेवर युनिटे वाढतात. घरगुती वीजदराच्या रचनेत शंभर युनिटांपुढचा दर आधीच्या टप्प्याच्या सुमारे दुप्पट आहे. म्हणजे नव्वद युनिटे वापरणारे घर गाडी आणताच वरच्या टप्प्यात ढकलले जाते. उलट राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणातील टोलमाफी आहे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धी महामार्गावर आणि अटल सेतूवर. दुधनीकराला या तिन्हींचा रोजचा उपयोग शून्य! सवलत कोणाच्या प्रवासाचा विचार करून आखली गेली, हे यावरून कळते.

आणि ही वीज तरी निर्धूर कोठे आहे? सोलापूरजवळ फताटेवाडीला १३२० मेगावॅटचे केंद्र कोळशावरच चालते. पेठेतला धूर तेथील धुराड्यातून निघाला तर गावाची हवा सुधारेल, जिल्ह्याची नव्हे. म्हणून गाडी दिवसा, छतावरच्या सौर विजेवर चार्ज करणाऱ्या कुटुंबाला आधी मदत मिळाली पाहिजे. आणि घरगुती चार्जिंगची युनिटे वेगळी मोजून त्यांना टप्पेवाढीतून वगळले पाहिजे. ज्यांना गाडी कधीच घेता येणार नाही, त्यांच्यासाठी विजेवरची एस. टी. हवी. १ जून २०२२ रोजी ‘शिवाई’ पुण्याहून अहमदनगरला धावली. अशी गाडी दुधनी-अक्कलकोट मार्गावरही सोडावी आणि तिच्यासाठीचे चार्जिंग केंद्र गावातील छोट्या मोटारींना, रिक्षांना वाजवी दरात खुले ठेवावे, अशी आमची मागणी आहे.