हिरवळ सुकली, तरी दंड नाही!

अमेरिकेत घरमालकांच्या संघटनांचा कारभार मोठा कडक. दारापुढची हिरवळ पिवळी पडली, की नोटीस येते आणि पुढे दंडही होतो. कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, तेव्हा घरमालकांची पंचाईत झाली. सरकार म्हणे, पाणी वाचवा. संघटना म्हणे, हिरवळ राखा! अखेर २०१४ साली कायदा झाला : दुष्काळाची आणीबाणी जाहीर असताना हिरवळीला घालायचे पिण्याचे पाणी वाचवणाऱ्याला संघटनेने दंड करू नये. २०२३ च्या कायद्याने तर संघटनांनाच लगाम घातला. सामायिक जागेतल्या नुसत्या शोभेच्या हिरवळीवर पिण्याचे पाणी शिंपडणे १ जानेवारी २०२९ पासून बंद होणार आहे. झाडे जगवण्यापुरते पाणी देता येईल. गवताचे लाड मात्र संपतील.