उन्हाची सवय वयाबरोबर उतरते



"आमची माणदेशी हाडं, आम्हाला काय ऊन लागतंय!" हे वाक्य म्हसवड-दहिवडीपासून आटपाडी-जतपर्यंत कुठंही ऐकायला मिळतं. माझी आत्याही हेच म्हणायची. सगळा जन्म रानात गेलेला. गेल्या मे महिन्यात, वयाच्या ७१ व्या वर्षी, श्रावणबाळचे पैसे काढायच्या रांगेत भर दुपारी चक्कर येऊन पडली. सलाईन लागलं, वाचली.

तिची सवय खोटी नव्हती. त्यामागं शास्त्र आहे. आपल्या पेशींतली प्रथिनं ठरावीक घडीत असतात. ताप वाढला की घडी विस्कटते आणि गोळा होतो, अंडं उकडल्यावर होतो तसा. हे थांबवायला पेशी दुसरी प्रथिनं तयार करते: 'हीट शॉक प्रोटीन'. ती विस्कटलेली घडी पुन्हा घालतात, जे सुधारणार नाही ते मोडीत काढायला मदत करतात. १९६२ साली इटलीत रितोसा या शास्त्रज्ञाला फळमाशीवर काम करताना याचा पहिला सुगावा लागला, तोही पेटीचं तापमान चुकून वाढल्यामुळं! रोज थोडं थोडं उन्हात काम केलं की आठ-पंधरा दिवसांत अंग सरावतं, त्यात या प्रथिनांचाही वाटा असतो.

पण वय वाढलं की ही फौज उशिरा आणि कमी संख्येनं धावते. घाम कमी येतो, तहानही कमी लागते. म्हणजे तिशीत कमावलेली सवय सत्तरीत पुरत नाही.

मग म्हाताऱ्यांना उन्हात बसवून ही प्रथिनं वाढवायची का? अजिबात नाही. दुरुस्ती करणारेच थकलेत, तिथं मोडतोड वाढवून काय मिळणार?

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उघड्या मैदानावर उन्हानं १४ जीव गेले. तेवढं होऊनही आपल्याकडच्या सभा, रेशनच्या रांगा भर दुपारीच.

माझं म्हणणं सरळ आहे. बँकेची वेळ ग्रामपंचायतीच्या हातात नाही, हे मलाही कळतं. पण एप्रिल-मे मध्ये रांगेवर मांडव, एक माठ आणि दोन बाकडी टाकायला कुणाची मंजुरी लागते? साठीच्या पुढच्यांना रेशन सकाळी दहाच्या आत द्या. रोजगार हमीचं काम पहाटे सुरू करून अकराला थांबवा. सातारा-सांगलीतल्या प्रत्येक ग्रामसभेत उन्हाळ्याआधी हा एक विषय घ्या.

जत्रेला मांडव घालायला आपल्याला वर्गणी कमी पडत नाही. मग आई-बापाच्या डोक्यावर सावली धरायला का पडावी?

तुमच्या गावात अशी सोय असेल तर खाली जरूर लिहा. आणि आज दुपारी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तांब्याभर पाणी नेऊन द्या. तहान लागली म्हणायची वाट बघू नका.