लस, सरकारी कारखाने आणि आपला हक्क

पटकी किंवा देवीची साथ आली म्हणजे आपल्या खेड्यांत पूर्वी मरीआईचा गाडा सजविला जाई, आणि तो शिवेपलीकडे नेण्याचे काम महारवाड्याच्या वाट्यास येई. रोग गावाबाहेर घालवावयाचा, तोही आपल्याच खांद्यांवरून! दीक्षा घेताना ज्या कुटुंबांनी बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, त्यांनी हा गाडा कायमचा टाकून दिला, हे उचितच झाले. परंतु मरीआई सोडली म्हणून साथ सुटत नाही. गाड्याची जागा लशीने घ्यावयाची असते, आणि लस कारखान्यात तयार होते. तो कारखाना कोणाचा, आणि वेळ येताच तो चालतो की नाही, हा प्रश्न म्हणूनच आपणांस परका नाही.

१८९७ च्या जानेवारीत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस सिद्ध करून ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलास पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला होता. लस निघून दोन महिने लोटले होते. महारवाडा मात्र तिच्यापासून दूरच होता.

हे अंतर २०२१ सालीही सरले नव्हते. जगातील सर्वांत मोठा लस-उत्पादक आपल्याच पुणे जिल्ह्यात, हडपसरला. तरीही १ मे पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या माणसाने फोनवर नोंदणी करावी, आणि खासगी रुग्णालयात लस घ्यावयाची तर पैसेही मोजावेत, असे धोरण आले. ज्या घरी साधा फोन तेवढा होता, त्याने काय करावे? ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने हे सशुल्क धोरण प्रथमदर्शनी मनमानी व अविवेकी ठरविले. त्यानंतर ७ जून रोजी केंद्राने धोरण बदलल्याची घोषणा केली आणि २१ जूनपासून सर्व प्रौढांना सरकारी केंद्रांवर मोफत लस मिळू लागली. न्यायालयाने दार उघडले खरे. पण मात्राच अपुऱ्या असतील तर उघड्या दारातही रांगच लागणार.

लोणावळ्याहून मुंबईकडे गेले की परळला हाफकिनची संस्था लागते. १८९९ साली स्थापन झालेली ही प्रयोगशाळा. तिचे उत्पादनाचे अंग १९७५ पासून राज्य सरकारचे महामंडळ आहे. एप्रिल २०२१ मध्ये केंद्राने या महामंडळास कोव्हॅक्सिन बनविण्याची परवानगी दिली. केंद्राचे ६५ कोटी, राज्याचे ९४ कोटी आणि वर्षास २२.८ कोटी मात्रा, असा तो संकल्प होता. रांगांच्या त्या महिन्यांत तेथून या लशीची एकही मात्रा बाहेर पडली नाही. दोष आम्ही तेथील शास्त्रज्ञांना देत नाही. कोव्हॅक्सिनसाठी जिवंत विषाणू वाढवून मग तो निष्प्रभ करावा लागतो. त्यास अत्यंत बंदिस्त दालने हवीत, आणि ती साथ आल्यावर बांधावयास घेतली तर साथ थांबत नाही.

पुण्याच्या बाजूस, मावळ लोकसभा मतदारसंघातच, पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली उभा राहिलेला, देशास स्वतःचे पेनिसिलिन देणारा हा सरकारी कारखाना. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जादा जमीन विकण्याचा आणि कारखानाही विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला. प्रतिजैविकांचा कारखाना रातोरात लशीचा होत नाही, असे कोणी म्हणेल, तर ते खरे आहे. परंतु तयार लस निर्जंतुक कुप्यांत भरणे हे निराळे काम आहे, आणि इंजेक्शनच्या कुप्या भरणाऱ्या कारखान्यास ते परके नाही. आणि सज्जतेस वेळ लागतो, एवढ्याचसाठी तर ती शांततेच्या काळात राखावयाची! कसौली, कुन्नूर व गिंडी येथील तीन सरकारी लस-संस्थांचे परवाने जानेवारी २००८ मध्ये स्थगित झाले, ते २०१० मध्ये पुन्हा मिळाले. बारा वर्षांची सूचना मिळूनही आपण जागे झालो नाही.

कायदा अपुरा होता असेही नाही. १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ९२ व कलम १०० सरकारला अशा प्रसंगी अधिकार देतात. कोव्हॅक्सिनच्या निर्मितीत तर पुण्याच्या सरकारी विषाणू संस्थेचा वाटा होता. जे ज्ञान लोकांच्या पैशाने झाले, ते लोकांच्याच कारखान्यांना वर्षाच्या आरंभीच का मिळू नये? १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात परमपूज्य बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले होते. ज्याच्या घरी जमीन नाही, त्याची इस्टेट म्हणजे हीच. राज्यघटनेचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे कर्तव्य मानते. परंतु ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने केवळ त्याच्या बळावर न्यायालयात हुकूम मिळत नाही. तो मतपेटीतून आणि अर्जातून मिळवावा लागतो.

सबब लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव व देहूरोड येथील बौद्ध मंडळांनी माहिती अधिकार कायदा २००५ अन्वये दोन अर्ज करावेत, एक पिंपरीस व एक हाफकिन महामंडळास. पिंपरीची किती यंत्रसामग्री पडून आहे? किती जमीन विकली गेली, कोणास, आणि तो पैसा कोठे गेला? हाफकिनच्या त्या संकल्पावर किती खर्च झाला, आणि उद्या साथ आली तर पहिली कुपी किती दिवसांत बाहेर पडेल? अर्जास दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही माफ आहेत. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. न आल्यास प्रथम अपील करावे, आणि आलेली उत्तरे आमच्याकडे पाठवावीत. ती आम्ही जशीच्या तशी छापू.