द्यायला चालते, घ्यायला नाही

म्हैसूरला नोकरी करणाऱ्या आमच्या नात्यातल्या एका मुलीने दसऱ्यासाठी कुणीतरी वापरलेली म्हैसूर सिल्क विकत घेतली. आमसुली रंग, अंगाबरोबर राहणारे क्रेप, हाताला जड लागणारा सोनेरी काठ. एका घडीवर जरा विरलेली, बाकी लख्ख. व्हिडिओ कॉलवर साडी पाहताच इकडे पुण्यात तिच्या आईचा चेहरा उतरला. ‘कुणाच्या अंगावरची कुणास ठाऊक! गेलेल्या बाईची असली तर?’ मावशी म्हणाली, ‘हे भिकेचे डोहाळे!’ मैत्रिणींना साडी आवडली, पण त्यांचाही सल्ला हाच की घरी सांगायचे कशाला, नवी आहे म्हणायचे.

कमीपणा वाटावा असे त्या साडीत काय आहे? नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या काळात 1912 साली म्हैसुरात सुरू झालेल्या रेशीम कारखान्याचा तो माल. अस्सल रेशीम, जरीत खरी चांदी आणि सोने. नीट ठेवली तर अशी साडी दोन पिढ्या सहज नेसतात. शिवाय रेशमाला विटाळ नाही, हे आपल्याच घरांत मानत आले. सासूचा कद नेसून सुनांनी सोवळ्यातला स्वयंपाक केला. बाळाला पहिले अंगडे तर मुद्दाम आजीच्या मऊ लुगड्याचे शिवतात. आप्पा बळवंत चौकातले जुने पुस्तक चालते, सेकंड हँड गाडी चालते, रीसेलचा फ्लॅट चालतो. तेव्हा स्वच्छतेचे कारण पुढे करू नये. खुपते ते परक्याच्या अंगावरचे घेणे.

परक्याला द्यायला मात्र आपण केव्हाही तयार असतो. बोहारणीशी उंबऱ्यात बसून तासभर घासाघीस करताना, कामाला येणाऱ्या बाईंच्या हातात पिशवी ठेवताना ‘चांगली आहे हो, दोनदाच नेसलेय’ असे आपण सांगतो, आणि ते खरेही असते. मग तीच साडी आपल्या लेकीने पैसे मोजून आणली की वाईट कशी होते? उत्तर कडू आहे. उतरलेले कपडे घेणारा खालचा, हे आपण मनात पक्के धरले आहे. आईला धास्ती जंतूंची नाही. लेक घेणाऱ्यांच्या रांगेत दिसेल, याची आहे.

ही उतरंड जुनी आणि क्रूर आहे. चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे घालावीत, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. महाराष्ट्रात मढ्यावरचे कापड महारांचा हक्क म्हणून गणले जाई. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या ज्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, तिथेच बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडायला सांगितले, कारण वेशावरून जात ओळखू येत होती. म्हणून दलित घरातली आजी ‘दुसऱ्याचे उतरलेले नको’ म्हणते, तेव्हा तिला कुणी पर्यावरण शिकवू नये. तो नकार झगडून मिळवलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या देत आलेल्या घरातला नकार वेगळा. त्याच्या मुळाशी वरची पायरी सुटण्याची भीती आहे, आणि हीच भीती देणाऱ्या हातात उर्मटपणा आणते.

घेणाऱ्याने मोल मोजले की ही उतरंड ढासळू लागते. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’ संस्थेला हे नेमके कळले. शहरातून गोळा झालेले कपडे ती गावात नुसते वाटत नाही. गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, तळे उपसतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. घेणाऱ्याची मान त्यात खाली जात नाही. गुप्तांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हैसूरच्या त्या मुलीने तर रोख पैसे मोजले होते.

जुन्या बाजारातला चांगला माल उचलून इन्स्टाग्रामवर चौपट भावाने विकणाऱ्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ज्यांची वर्षाची खरेदी त्या बाजारावर चालते, त्यांच्या वाट्याला मग फाटके उरते.

मे 2023 मध्ये देशभरातल्या शहरांत ‘आरआरआर’ (रिड्यूस, रीयूज, रीसायकल) केंद्रे उघडली गेली. नको असलेले कपडे, भांडी, पुस्तके तिथे द्यायची. ज्याला हवे त्याने न्यायचे. कपडे देताना धुऊन, तुटलेली बटणे लावून द्यावेत. आणि पिशवी ठेवून लगेच मागे फिरू नये. मांडलेले कपडे बघावेत, मापाचे काही आवडले तर घ्यावे, आणि कुठून आणले ते घरी आणि मैत्रिणींना सरळ सांगावे.