काठावर पास

केंब्रिज विद्यापीठाने १९१३ साली परदेशी लोकांसाठी इंग्रजीची एक परीक्षा सुरू केली. तिचं नाव प्रोफिशियन्सी. पहिल्या वर्षी उमेदवार किती बसले? तीन. पास किती झाले? एकही नाही! परीक्षा होती एकंदर बारा तासांची. व्याकरण, भाषांतर, इंग्रजी वाङ्मय, उच्चारशास्त्र, शिवाय तोंडी परीक्षा. निबंधाच्या विषयांत 'द इंडियन म्यूटिनी', म्हणजे आपलं १८५७ सुद्धा होतं. एखाद्या मराठी माणसाने त्यावर मनापासून चार पानं लिहिली असती, तर परीक्षकाने त्याला किती मार्क दिले असते कोण जाणे!

गंमत अशी, की जिचा पहिला निकाल शून्य टक्के लागला ती परीक्षा शंभर वर्षं उलटून गेली तरी चालू आहे. १९९१ साली तिच्या एक पायरी खाली अ‍ॅडव्हान्स्ड नावाची परीक्षा आली. या परीक्षांना बसणाऱ्यांत स्पॅनिश बोलणारे उमेदवार पुष्कळ असतात. कोणाला परदेशी विद्यापीठात जायचं असतं, कोणाला नोकरी हवी असते. माद्रिद प्रांतातल्या सरकारी शाळांत २००४ पासून काही विषय इंग्रजीतून शिकवतात, आणि ते शिकवणाऱ्या शिक्षकाला अ‍ॅडव्हान्स्डच्या तोडीचं इंग्रजी येत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे चाळिशीतले मास्तर आणि बाई दिवसभर मुलांचे पेपर तपासतात, आणि संध्याकाळी क्लासला जाऊन स्वतः पेपर सोडवतात.

आता मंडळाच्या अंकात या स्पॅनिश मंडळींचं काय काम, असं वाचक विचारतील. काम आहे. या परीक्षांच्या अभ्यासात यश आणि अपयश या विषयावरचे शब्द हा एक ठरलेला धडा असतो. तो शिकताना स्पॅनिश माणूस जिथे जिथे ठेचकाळतो, तिथे थांबून पाहिलं तर आपल्या मराठी शब्दांकडेही नव्याने बघावंसं वाटतं. म्हणून या वेळच्या सदरात आम्ही त्यांच्याच बाकावर जाऊन बसलो आहोत.

पहिली ठेच सक्सेस या शब्दालाच. स्पॅनिशमध्ये यशाला म्हणतात एक्सितो. हा शब्द आणि इंग्रजीतला एक्झिट, दोघे एकाच लॅटिन आईची लेकरं. मूळ अर्थ बाहेर पडणं, म्हणून शेवट, निष्पत्ती. त्यामुळे इंग्रजी नाटकगृहात दारावर एक्झिटची पाटी बघितली, की नवख्या स्पॅनिश माणसाला क्षणभर वाटावं, की इथून बाहेर पडलं की यश! उलट सक्सेससारखा दिसणारा स्पॅनिश शब्द आहे सुसेसो. त्याचा अर्थ यश नव्हे, नुसती घटना. वर्तमानपत्रात 'सुसेसोस' या मथळ्याखाली काय असतं? चोऱ्या, खून, अपघात. तो मथळा 'यशोगाथा' समजून कोणी इंग्रज वाचायला बसला, तर त्याला घामच फुटेल.

दुसरी ठेच फ्राकासो. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ अपयश. इंग्रजीत त्याचाच भाऊबंद आहे, पण तिथे तो आरडाओरडा, धक्काबुक्की, हाणामारी या अर्थाने नांदतो. धंदा बुडाला असं सांगायला जावं आणि ऐकणाऱ्याने दुकानात मारामारी झाली असं समजावं, असा हा प्रकार.

तिसरी ठेच सगळ्यांत महाग, कारण ती थेट परीक्षेबद्दलच आहे. स्पॅनिशमध्ये नापास होण्याला सुस्पेन्देर म्हणतात आणि पास होण्याला आप्रोबार. आता बिचाऱ्याने त्यांचं सरळ इंग्रजी करून 'आय सस्पेन्डेड द एक्झाम' म्हटलं, तर समोरच्याला वाटतं, या साहेबांनी परीक्षाच स्थगित केली. केवढा अधिकार! आणि 'आय वॉज सस्पेन्डेड' म्हटलं तर वाटतं, याला काही गैरवर्तनाबद्दल शाळेतून काढला. खरं म्हणजे गरीब माणूस दोन मार्कांनी गेलेला असतो.

नुसते शब्द पाठ करून भागत नाही, त्यांची संगतही ठाऊक लागते. 'सक्सीड' या क्रियापदापुढे 'इन' येतं आणि मग आयएनजीवालं रूप. पण मॅनेज आणि फेल यांच्यापुढे येतं 'टु'. स्पॅनिशमध्ये लोग्रार आणि कोन्सेगीर ही क्रियापदं जमवण्याला वापरतात, आणि त्यांच्यापुढे सरळ मूळ क्रियापद ठेवून दिलं की काम झालं. त्या सवयीने सक्सीडपुढे 'टु' लागला, की मार्क गेला. आणि 'सक्सीड टु' म्हणजे तर भलतंच, गादीवर बसणं, वारसा मिळणं. बापानंतर मुलगा गादीवर येतो ते सक्सीड टु द थ्रोन. कारण सक्सीड म्हणजे मुळात पाठोपाठ येणं. म्हणून तर सक्सेसर म्हणजे वारस, आणि सक्सेसिव्ह म्हणजे लागोपाठचे. तीन सक्सेसिव्ह वर्षं धंद्यात खोट आली, हे वाक्य इंग्रजीत बिनचूक आहे. तिथे चुकून सक्सेसफुल लिहिलं, तर मात्र हिशेबनीसच गोंधळेल.

मग येतात विशेषणं. यश मोठं असतं हे कोणीही सांगेल, पण वरच्या परीक्षेत ते 'रिसाउंडिंग' असावं लागतं, म्हणजे दुमदुमणारं. अपयश 'डिस्मल' असतं.  हे असंच का, याला उत्तर नाही. कानाला सवय हवी. आपल्याला हे नवं आहे का? मुळीच नाही. आपल्याकडे विजय दणदणीत असतो, यश घवघवीत असतं, पराभव दारुण असतो आणि माणूस आपटतो तो सपशेल. घवघवीत अपयश मिळालेला मराठी माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही! आणि गंमत बघा, दणदणीत आणि रिसाउंडिंग या दोघांत तोच आवाज घुमतो आहे.

पण या धड्यातला आम्हाला सगळ्यांत आवडलेला भाग पुढेच आहे. यश आणि अपयश ही दोन टोकं झाली, त्यांच्या मधल्या पायऱ्यांना इंग्रजीत किती शब्द आहेत! पूर्ण दिमाखात पास झाला तर 'विथ फ्लाइंग कलर्स'. लढाईहून परतणारी जहाजं झेंडे फडकावीत बंदरात शिरत, त्यावरून आलेलं. अगदी सहज जिंकला तर 'हँड्स डाउन', कारण पुढे निघून गेलेला घोडेस्वार लगाम सैल सोडून हात खाली घेतो. कसाबसा निभावला तर 'स्क्रेप थ्रू', म्हणजे अंग खरवडत फटीतून पलीकडे निघणं. थोडं कमी पडलं तर 'फॉल शॉर्ट'. बेत फिसकटला तर 'फॉल थ्रू'. डाव आपल्यावरच उलटला तर 'बॅकफायर'. मध्येच खीळ बसली तर 'सेटबॅक', म्हणजे माणूस मागे ढकलला गेला, पण अजून वाटेवरच आहे.

हा भाग स्पॅनिश माणसाला मात्र परका वाटत नाही. कसाबसा पास झालेल्याला तो म्हणतो पोर लोस पेलोस, केसांच्या आधाराने सुटलेला. इंग्रज म्हणतो, दातांच्या सालीने निभावला. आणि आपण म्हणतो, काठावर पास! नदी पार करताना पाय कसाबसा काठाला टेकला. एखादं काम तडीस नेणं यातली तड म्हणजेही तीरच. एकाला केस आठवला, दुसऱ्याला दात, आपल्याला नदी. पण धाकधूक तीच.

इतिहासही या शब्दांत येऊन बसतो. एखादं जवळजवळ अशक्य काम झालं, की स्पॅनिश माणूस म्हणतो पोनेर उना पिका एन फ्लान्देस, फ्लँडर्समध्ये भाला रोवला! स्पेनचं सैन्य त्या दूरच्या मुलुखात लढत होतं, तेव्हाची ही आठवण. आणि कोणी किरकोळ नुकसानीबद्दल रडत बसला, तर त्याची समजूत घालतात मास से पेर्दिओ एन कुबा, अरे, क्यूबात याहून जास्त गमावलं होतं! १८९८ साली अमेरिकेशी झालेल्या युद्धात स्पेनच्या हातून क्यूबा गेलं, ते हे. इंग्रज म्हणतो, त्याला त्याचं वॉटर्लू भेटलं. १८१५ ची ती लढाई इंग्रजांनी जिंकलेली, म्हणून वाक्प्रचारात हार येते ती नेपोलियनच्या वाट्याची. आपलं तसं नाही. आपण पानिपत झालं म्हणतो, ते १४ जानेवारी १७६१ चं, आपलं स्वतःचं. पण फरक बघा. स्पॅनिश माणूस मोठा पराभव आठवून छोट्या नुकसानीचं ओझं हलकं करतो. आपण मात्र क्रिकेटची एक मॅच हरली तरी पानिपत म्हणतो, आणि छोटं ओझं जड करतो.

इथे आमची मान जरा खाली जाते. इंग्रजीतला सक्सेस आणि स्पॅनिशमधला एक्सितो, दोघांचाही जुना अर्थ फक्त निष्पत्ती. पूर्वीच्या इंग्रजीत चांगला सक्सेस आणि वाईट सक्सेस असं दोन्ही म्हणता येत असे. जे पाठोपाठ आलं, ते. फेल या शब्दाच्या मुळाशीही फसवणं, उणं पडणं एवढंच आहे. आणि आपलं यश? संस्कृतात यश म्हणजे कीर्ती, नावलौकिक. मग अपयश म्हणजे? दुष्कीर्ती. बदनामी! त्यांच्या शब्दांत काय घडलं ते मोजलं आहे, आपल्या शब्दात लोक काय म्हणतील ते.

शब्दाचं मूळ म्हणजे माणसाचं नशीब नव्हे, हे आम्हालाही कळतं. रोज अपयश म्हणताना कोणाच्या मनात दुष्कीर्ती नसते. 'त्या डॉक्टरांच्या हाताला यश आहे' असं आजी म्हणायची, तेव्हा तिला पेशंट बरे होतात एवढंच म्हणायचं असे. तरीही मुलाचा निकाल आला, की आपल्या घरांत पहिला प्रश्न कोणता निघतो? 'पाटलांच्या मुलीला किती मिळाले?' दुसरा, 'आता भारतात फोन करून काय सांगायचं?' मूल कुठे अडलं, किती थोडक्यात हुकलं, हे विचारायची पाळी तिसरी, आणि तोवर ते आपल्या खोलीचं दार लावून बसलेलं असतं. यशस् शब्दाचा जुना अर्थ आपण विसरलो, पण आपल्या घरांतून तो गेलेला नाही.

आपण देशात असताना शाळेच्या वऱ्हांड्यात निकाल लागायचा, आणि भेद दोनच, पास आणि नापास. त्यातला 'ना' फारसीतून आलेला आणि 'पास' इंग्रजीतून. दोन परक्यांनी मिळून आपल्या पोरांची झोप उडवली! आता इंग्रजीतलं एक बारीक वळण बघा, जे स्पॅनिश उमेदवाराला घोटून घ्यावं लागतं. 'ही फेल्ड' म्हणजे तो एकदा नापास झाला. 'ही इज अ फेल्युअर' म्हणजे तो माणूसच वाया गेला. मधे एवढासा 'अ' आणि एक नाम, पण एका परीक्षेचा निकाल आयुष्याचा निकाल होऊन बसतो. आपल्या भाषेत हा 'अ' नाही. पण 'नापास झालास' आणि 'तू नापासच' यांतलं अंतर आपल्यालाही ऐकू येतं. आणि आपल्या मुलांना तर दोन्ही भाषांतून ऐकू येतं.

खुद्द ती परीक्षा आता या बाबतीत जुन्या वऱ्हाड्यांपेक्षा समजूतदार झाली आहे. अ‍ॅडव्हान्स्डला १८० गुण मिळाले की पास. पण १६० ते १७९ मध्ये अडकलेल्याला रिकाम्या हाताने घरी पाठवत नाहीत. त्याला खालच्या पायरीचा, बी-टूचा दाखला देतात. तू अजून वर पोचला नाहीस, पण इथवर आलास, हे कागदावर लिहून मिळतं. १९१३ च्या त्या तिघांना असं काही मिळालं नव्हतं.

मराठीत मधल्या पायऱ्यांचे शब्द नाहीत असं मुळीच नाही. थोडक्यात हुकलं, जरासं कमी पडलं, बेत बारगळला, गाडी अडली, निभावलं, जमत आलंय. किती म्हणून सांगावेत! यातल्या एकाही शब्दात बदनामी नाही. आपण ते स्वयंपाकाला लावतो, गाडीच्या पार्किंगला लावतो, गणपतीच्या मखराला लावतो. मुलाच्या निकालालाही लावून बघायला हरकत नाही. पोरगी ड्रायव्हिंग टेस्टहून हिरमुसून आली, तर 'थोडक्यात हुकलं ना? काय राहिलं?' असं विचारावं. पाटलांच्या मुलीचं पुढे बघू.

आपल्या घरात, आपल्या गावाकडे जिंकण्या-हरण्याचे, निभावण्या-फसण्याचे कोणते खास शब्द होते? कोकणातले, वऱ्हाडातले, खानदेशातले, गोव्याकडचे, आजी-आजोबांच्या तोंडचे. आम्हाला जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवतो. आणि पत्र पाठवायला थोडा उशीर झाला तरी चालेल. या सदरात काठावर पास होणाऱ्यांनाही प्रवेश आहे.