रंगाखालची ओल

सोलापूरचं आमचं घर विकायला काढलंय हे एव्हाना सगळ्या गोतावळ्याला कळलंय. त्यामुळे सल्ल्यांचा नुसता पाऊस पडतोय. (खरा पाऊस सोलापुरात एवढा पडता तर काय हवं होतं!) भिंतींना लांबी भरून प्लास्टिक पेंट मार. गिऱ्हाईक सकाळीच बोलाव, दुपारी घर तापतं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, नळाला पाणी येतं त्याच दिवशी बोलाव!

मंडळी, रागावू नका, पण याला घर तयार करणं म्हणत नाहीत. फसवणं म्हणतात.

साफसफाईला माझा विरोध नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतोच. जळमटं काढावीत, गळका नळ बदलावा, माळ्यावरची अडगळ एकदाची भंगारात घालावी. पण आवरणं वेगळं आणि लपवणं वेगळं.

आता मागच्या खोलीतला तडाच घ्या. आपलं घर काळ्या मातीवर उभं आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया उथळ असला की भिंतही तिच्याबरोबर हलते. आज लांबी भरली तर तडा दिसणार नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात तिथेच पुन्हा तोंड उघडेल. तोवर खरेदीखत झालेलं असेल! न्हाणीघराची भिंत चुन्यातली. जमिनीतून चढलेली ओल चुना बाहेर सोडतो. वर प्लास्टिक पेंट फासला की तिला वाटच उरत नाही. मग फुगे येतात, पोपडे पडतात. म्हणजे रंगाने ओल जात नाही, फक्त घर बघायला येणाऱ्याला दिसत नाही.

पाण्याचंही तेच. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून येणारं पाणी आपण वर्षानुवर्षे तीन-तीन, चार-चार दिवसांआड भरत आलो. घेणारा सोलापूरकर असेल तर पाण्याचा वार साधलेला बघून हसेल. बाहेरगावचा असेल तर फसेल. त्यापेक्षा सरळ झाकण उघडून हौद दाखवावा, किती दिवस पुरतो ते सांगावं.

"घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत की, आपण कशाला सांगायचं?" असं एका काकांचं म्हणणं. काका, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्याचं कलम ५५ सांगतं की विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साध्या काळजीने न सापडणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. न सांगणं म्हणजे कपट, असंही तिथेच लिहिलंय. लांबी भरून बुजवलेला तडा बिचाऱ्याने कुठून शोधायचा?

आणि गंमत बघा. रंगाची छटा कोणती यावर तासभर फोन चालतात, पण मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव आहे, ते कुणाला आठवत नाही. घर त्यांनी स्वतःच्या कमाईने बांधलं, मृत्युपत्र न करता ते गेले. म्हणजे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलांइतकाच हक्क दोन्ही आत्यांचाही. "त्या काय, सही करतील" हे उत्तर नव्हे. त्यांना भाव सांगा, वाटा सांगा, मग सही मागा. घर विकायची तयारी करायचीच तर ती इथून करा. वारस नोंद लावा, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या एका फायलीत घाला.

भाव कमी येईल म्हणता? येऊ दे की. तड्याच्या दुरुस्तीचे पैसे वजा करून आलेला भाव हाच या घराचा खरा भाव. वरचे पैसे घराचे नव्हेत, समोरच्याच्या अज्ञानाचे. तो बहुधा आपल्यासारखाच कुणीतरी असणार, भविष्यनिर्वाह निधी मोडून, वर बँकेचं कर्ज काढून आलेला. त्याचा हप्ता वीस वर्षं चालेल, आपला रंग एक पावसाळा.

तेव्हा मंडळी, आमच्या घराला रंग लागणार नाही. झाडलोट होईल, नळ बदलेल, आणि तडा आहे तसा दाखवला जाईल. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर फोन करावा. आत्यांशी बोलणं झालं का, तेवढं मात्र मी आधी विचारणार आहे.