शिंगवाली गिटार आणि भावगीत

लग्नाच्या बाबतीत रूपापेक्षा गुण पाहावेत, असं आपण निदान बोलतो तरी. वाद्यांच्या बाबतीत तेवढंही ढोंग कोणी करत नाही. तंबोरा भोपळ्याचा हवा, पेटी खोक्यासारखी हवी आणि बास गिटार (इथं आमच्या ओळखीतले सगळे जाणकार एकदम एकमत होतात) सभ्य, तपकिरी आणि गोलसर हवी. काळी, टोकदार, दोन शिंगं काढलेली दिसली, की ती 'मेटल'ची. म्हणजे लांब केसांच्या, काळ्या बनियनमधल्या, किंचाळणाऱ्या मंडळींची. तिच्यावर भावगीत वाजवायचं म्हणजे सोवळं नेसून पायात बूट घालायचे!

मी या मताच्या ठार विरुद्ध आहे आणि आज सगळं बोलून घेणार आहे.

निमित्त माझ्या भाचीचं. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून तिनं एक वापरलेली बास गिटार घेतली. काळी कुळकुळीत, वटवाघळानं पंख पसरावेत तशी. मूळ मालक नोकरीसाठी परगावी निघाला होता आणि असल्या स्थळाला लवकर गिऱ्हाईक येत नाही, त्यामुळे निम्म्याहून कमी किमतीत मिळाली. दांडी सरळ, खुंट्या घट्ट, एकही पडदा झिजलेला नाही. पण आमच्या भागातल्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या संयोजकांनी पाहिल्याबरोबर विचारलं, "हे काय, रेड्याचं मुंडकं?" मग वडीलकीच्या सुरात म्हणाले, "बाळ, वाजवतेस छान. पण एक तर दुसरी गिटार आण, नाहीतर पडद्यामागे बसून वाजव." दुसरी आणायला पोरीकडे पैसे नाहीत. म्हणजे पडद्यामागे! आयुष्यातला पहिला कार्यक्रम, आणि आईवडिलांनी पहिल्या रांगेत बसून पडदा पाहायचा.

आता या जाणकारांना थोडा इतिहास सांगतो. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या गृहस्थानं 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. हा मनुष्य मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. (आपल्याकडे असता, तर कोणत्याही संगीत मंडळानं त्याला दारात उभं केलं नसतं.) १९६० साली त्यानं दुसरी काढली, तिचं बारसं केलं 'जॅझ बास'. नाव जॅझ, आणि लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सनं तिच्यावर दणदणीत रॉक वाजवला. नाव सोनुबाई असलं तर हाती कथलाचा वाळा चालतो, मग नाव मेटल असून हाती भावगीत का चालू नये?

बरं, खुद्द मेटलवाले काय वाजवतात? आयर्न मेडन हा त्यातला नामांकित चमू. त्याचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस आयुष्यभर वाजवत आला ती फेंडरची प्रिसिजन, आणि तिच्यावर गुळगुळीत, 'फ्लॅटवाउंड' तारा. आता गंमत पाहा. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत १९६०च्या दशकात जेम्स जेमरसन प्रेमगीतांना साथ करायचा, तोसुद्धा प्रिसिजनवरच आणि फ्लॅटवाउंड तारांवरच! मेटलच्या देवळातले पुजारी जर प्रेमगीतवाल्याची गिटार वाजवत असतील, तर प्रेमगीतवाल्यांनी मेटलची वाजवल्यानं कोणाचा धर्म बुडतो?

टोकांचं म्हणाल, तर १९५८ साली गिब्सननं 'फ्लाइंग व्ही' नावाची बाणाच्या टोकासारखी गिटार काढली. तेव्हा मेटल जन्मालाही आलं नव्हतं. फारशी कोणी घेतली नाही म्हणून लवकरच बंदही केली. पण अल्बर्ट किंग नावाच्या डावखुऱ्या बुवानं ती उलटी धरली आणि तिच्यावर काळजाला हात घालणारा ब्लूज वाजवला. तेव्हा टोकं मेटलची हे मुळातच खोटं. टोकं आधीची, मेटल नंतरचं.

आणि अहो, आवाज शिंगांतून थोडाच येतो? तार हलते, तिच्याखाली लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं, त्यात वीज निर्माण होते, ती वायरमधून स्पीकरकडे जाते. या पिकअपला वर शिंगं आहेत की पारिजात, याचा पत्ता नसतो. मेटलच्या गिटारीत हे पिकअप जरा दांडगे असतात, एवढंच. त्यावर उपाय आवाजाचं बटण थोडं मागे घेणं आणि झणझणीतपणाचं बटण बरंच मागे घेणं. वर गुळगुळीत तारा चढवा आणि पत्रीऐवजी बोटानं वाजवा. डोळे मिटून ऐकलंत तर तिला सोन्यासारखी सून म्हणाल.

खऱ्या अडचणी वेगळ्याच आहेत, त्यांच्याविषयी मात्र एकही जाणकार बोलत नाही. काही टोकदार गिटारी उभ्यानं छान दिसतात, बसलं की मांडीत रुततात. काहींची दांडी जड असते, हात काढला की मान टाकतात. त्यामुळे दुकानात खुर्ची मागून घ्यावी आणि बसून पाहावं. रुंद चामडी पट्टाही लावावा. काहींच्या पोटात ९ व्होल्टची बॅटरी असते, ती ऐन अंतऱ्यात मरते आणि मग वादकाचा चेहरा पाहवत नाही. पाच तारांची असेल तर सर्वांत खालची तार ३१ हर्ट्झच्या आसपास घुमते. चार तारांच्या बासची खालची तार ४१च्या आसपास असते. भावगीताला पाचवीची गरज क्वचितच पडते. न वाजवता अंगठा टेकायला ती उत्तम. हे सगळं भाचीनं घेण्यापूर्वी पाहिलं. संयोजकांनी फक्त शिंगं पाहिली.

आणि परक्या वाद्याचा विटाळ आपल्याला नवा थोडाच आहे? ज्या पेटीशिवाय आपली नाट्यगीतं सुचत नाहीत, ती १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मली. गोविंदराव टेंब्यांनी तिला इथं मानाचं पान मिळवून दिलं, तरीही १९४० साली नभोवाणीनं तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. एकतीस वर्षं पेटी पडद्यामागे! संयोजक स्वतः पेटी वाजवतात, म्हणून मी हे त्यांना मुद्दाम ऐकवलं.

ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "ठीक आहे, पुढे बसू दे. पण गिटारीवर एखादी शाल टाकायला सांगा." भाचीनं ते कबूल केलेलं नाही आणि मीही तिला भरीला घालणार नाही. कार्यक्रम येत्या रविवारी आहे. गरज पडलीच, तर माझ्याकडे सत्कारात मिळालेल्या दोन शाली आहेत, त्या मी संयोजकांच्या पेटीवर टाकीन.